फोटोखालचं नाव

जेवणाचं टेबल पुसून काकूंनी त्यावर जुनी चादर अंथरली आणि ग्रंथालयातल्या बाईंनी चादरीवर फोटो मांडायला घेतले. खुर्चीत बसलेल्या फोटोकाकांनी डाव्या हातानं चष्मा सारखा केला. उजवा हात मांडीवर पडून होता. झटका येऊन गेल्यापासून तो तसाच होता, आणि वाचाही त्याच दिवशी गेली होती. मागे एकच शब्द राहिला होता. चला.

"चहा हवा तरी चला, पाठ खाजली तरी चला," काकू बाईंना म्हणाल्या. "दिवसभर मला चला चला करतात. जायचं कुठं, ते काही सांगत नाहीत."

फोटो सगळे काकांनीच काढलेले होते. रुंद रस्त्यासाठी त्यांची गल्ली पाडली, माणसं शहरभर पांगली. गल्लीतली दुकानं, पायऱ्या, नळापाशी लागलेल्या बादल्या, सगळं आता या कागदांवरच उरलं होतं. ग्रंथालयात त्याचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक फोटोखाली नाव हवंच, असं बाईंचं म्हणणं. नाव नसलं की माणूस नुसता कुणीतरी म्हातारा होऊन बसतो, असं त्या म्हणाल्या. पाट्या उद्या छापायला जायच्या होत्या.

सुरुवात चांगली झाली. काकू नाव घ्यायच्या, काका मान हलवायचे, बाई चिठ्ठीवर लिहून फोटोखाली ठेवायच्या. घड्याळं दुरुस्त करणारा आणि त्याचा कधीच वेळेवर न येणारा भाऊ. बेकरीच्या दारातल्या दोघी जावा, ज्या एकमेकींशी फक्त गिऱ्हाइकाच्या मार्फत बोलत. नेमके फोटोच्या वेळी डोळे मिटणारे छत्रीवाले मामा. एकदा काकूंनी दोघा भावांत थोरल्याऐवजी धाकट्याचं नाव सांगितलं, तेव्हा काकांनी टेबलावर अशी थाप मारली की चष्माच खाली आला. तिघंही हसले.

मग तो फोटो आला. लाँड्रीच्या दारात लाकडी खोक्यावर बसलेली एक म्हातारी. बोळकं पसरून हसत होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

काकूंनी तो उजेडात धरून पाहिला. त्या लग्न होऊन गल्लीत आल्या तेव्हा ही म्हातारी तिथं नव्हती. पण काकांचा चेहरा उजळला होता. त्यांनी चप्पल भिरकावल्यासारखा हात केला आणि बोट स्वतःच्या कपाळाला लावलं.

तुम्हाला मारली का, फोटो काढला म्हणून का, असं काकू विचारत गेल्या आणि काका जोरजोरात मान डोलावत गेले. मग त्यांनी ओठ आत ओढून तिचं बोळकं करून दाखवलं, खांदा पाडून तिची चाल करून दाखवली. मग हात खुर्चीच्या खाली नेऊन एवढंसं पोर दाखवलं आणि तोच हात स्वतःच्या छातीला लावला. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. एकदा, पुन्हा एकदा.

"तुम्हाला भरवायची?" काकूंनी हळूच विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काकांनी डोळे मिटून मान डोलावली.

बाईंनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आणि नाव काय त्यांचं?"

काकांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "चला," ते म्हणाले, आणि नाही नाही म्हणून मान हलवली. "चला. चला." एकदा लांबून कुणाला हाक मारावी तसं म्हणाले, एकदा कानात सांगावं तसं. शब्द तोच निघत होता.

बाईंनी कागदावर मुळाक्षरं लिहून पुढे सरकवली. काकांचं बोट 'म'वर थांबलं. काकूंनी सुचतील तेवढी नावं घेतली. नाही. बोट 'र'वर गेलं, तिथून परत फिरलं, ओळीमागून ओळ ओलांडत टेबलाच्या कडेला जाऊन पडलं. अक्षरंही उरलेली नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलेलं काकूंना आठवत होतं. तरी त्या आशेनं बघत होत्या.

त्यांनी घड्याळवाल्याच्या भावाला फोन लावून पाहिला. चप्पलवाली म्हटल्याबरोबर त्यानं ओळखलं आणि पोटभर हसला. नाव मात्र त्याला सांगता येईना. तिला सगळे आजीच म्हणायचे, तो म्हणाला, पुढचं-मागचं कुणी नव्हतं तिला.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नाव मिळालं नाही तर काय लिहायचं, ते त्यांना वरून सांगितलेलं होतं. त्यांनी होता होईल तेवढ्या बारीक अक्षरात 'अनोळखी' असं लिहिलं आणि चिठ्ठी फोटोखाली ठेवली.

काकांनी आपला डावा तळवा चिठ्ठीवर ठेवला.

"अहो, राहू द्या ना," काकू म्हणाल्या. "त्यांना निघायचंय."

काकांचा हात तसाच. बाई बाकीचे फोटो गोळा करून, पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. काकूंनी खाली वाकून काकांची बोटं एकेक करून उचलायला घेतली. दुसरं उचलेपर्यंत पहिलं पुन्हा जाऊन चिठ्ठीवर बसत होतं.