चौकटीची पाचर

“विधवेनं चौकटीला हात लावू नये. बाजूला व्हा,” नव्या घराचे मालक जगतापअण्णा म्हणाले.

“घडवताना चालला व्हय माझा हात?” इठाबाई सुतारीण फणकारली आणि पदराची गाठ आवळत बाजूला झाली. नवऱ्यामागं तिनंच रंधा चालवला होता. ही सागवानी चौकटही तिचीच.

पूजा करून गड्यांनी चौकट उभी केली, पण सांधे खुळखुळत होते.

“चार खिळे मारा!” अण्णा ओरडले.

“खिळ्यानं लाकूड फाटंल. सांध्यात बाभळीची पाचर लागती.” इठाबाईनं पदराची गाठ दाखवली. “चारी पाचरी हितं हायत. पण मी पडले अपशकुनी!”

मुहूर्त टळत चालला, तशी अण्णांनी तिला वाट दिली.

चारही पाचरी ठोकून ती कमरेवर हात देऊन चौकटीतच उभी राहिली.

“आता हलवा हिला. आन् मलाबी.”