व्याह्यांमधलं फाटक

“अकराच्या ऑनलाइन परीक्षेला सात मिनिटं उरलीत, आणि तीनशे पोरांपुढे नुसतं चक्र फिरतंय!” कॉलेजचे प्राचार्य फोनवर कडाडले.

जयसिंगपूरला इंटरनेट पुरवणाऱ्या शशिकलाताई पडद्यावर झुकल्या आणि उडाल्याच. शेजारच्या इचलकरंजीतलं बिरनाळेंचं नेटवर्क खुशाल सांगत होतं, की जगातली प्रत्येक वाट माझ्याकडूनच जाते! जयसिंगपूरची सगळी वर्दळ भाबडेपणाने त्या बोळात घुसली होती. ताईंनी बिरनाळेंना फोन लावला.

“व्याहीबुवा, इचलकरंजी तुम्हाला आवरेना, जग कशाला अंगावर घेतलंत?”

“छे हो, विहीणबाई! सकाळी वाटा दाखवणारं नवं यंत्र बसवलं, एवढंच.”

एवढंच! पण असल्या थापा अडवणारं फिल्टरचं फाटक ताईंकडेही होतं. ते कुठे गेलं? नोंद उघडली आणि त्यांनी जीभ चावली. दोन्ही घरच्या पोरांच्या साखरपुड्याला बिरनाळे म्हणाले होते, “आता आपसांत कसला पहारा?” आणि ताईंनीच ते कौतुकाने काढलं होतं.

बोटं सरसरली, फाटक बसलं. अकराच्या ठोक्याला तीनशे प्रश्नपत्रिका धडाधड उघडल्या.

“आम्हालाच फाटक, विहीणबाई?” बिरनाळे फुरंगटले.

“तुमच्या घरच्यांना दार उघडंच आहे. पण सोयरीक तुमच्याशी केलीय, साऱ्या जगाशी नाही!”