नन्नाचा पहिला होकार

नन्नाने औषधाच्या चिठ्ठीवर सही करायला पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. टोपण हातातून निसटून टेबलाखाली गेलं. ते शोधायला ती वाकली आणि तिथेच जरा वेळ उकिडवी बसून राहिली. टेबलाखाली निदान कुणी काही मागत तरी नव्हतं.

इस्पितळात तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. कुठल्या रोग्याला कुठलं अँटिबायोटिक चाललंय, कशासाठी आणि अजून किती दिवस, यावर लक्ष ठेवायचं हे तिचं काम. कपाटात कुलपाखाली ठेवलेली जालीम औषधं तिच्या होकाराशिवाय हलत नसत. आणि होकार कसला, नन्नाचा पाढाच. आज उगाच वापराल तर जंतू ते पचवायला शिकतील, मग खरी गरज पडेल तेव्हा काय द्याल, हे ती झोपेतसुद्धा बरळते, असं तिचा नवरा सांगत असे.

तिचा हाडवैरी म्हणजे वॉर्डचे मोठे डॉक्टर. त्यांना सगळे तोफखाना म्हणत. एक तर आवाजामुळे, आणि दुसरं म्हणजे साध्या तापालाही कपाटातलंच औषध मागायच्या खोडीमुळे. बाईसाहेब, माझा पेशंट जातोय आणि तुम्ही कुलपं राखत बसलाय, असं ते वॉर्डच्या दारात उभे राहून गरजत. त्या आवाजाने म्हणे खालच्या मजल्यावरच्या एका ठार बहिऱ्या आजोबांना ऐकू यायला लागलं, आणि त्यांनी पहिली तक्रार केली ती आवाजाचीच. नन्ना शांतपणे नाही म्हणायची आणि निघून जायची.

आता तोफखाना स्वतःच खाटेवर होते. दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेलं, त्यात हा ताप. दोन अँटिबायोटिकं झाली, ताप हटायला तयार नाही, आणि आता कपाटातल्या औषधाची चिठ्ठी नन्नाच्या टेबलावर येऊन पडली होती. आवाज इतका बसला होता की कान तोंडाशी न्यावा लागे.

नन्नाला संशय वेगळाच होता. रस्त्यापलीकडे एक जुनं थिएटर पाडत होते, आणि त्याची धूळ खिडकीच्या फटीतून वॉर्डात येत होती. हवेत काय तरंगतंय ते धरायला ती काचेच्या उघड्या बशा मांडून ठेवी: गच्चीवर, बसथांब्यावर, वॉर्डात. शहराच्या हवेत बुरशी इतकी, की माणसाने जांभई द्यावी तीसुद्धा तोंडावर हात धरून. पण थिएटर पडायला लागल्यापासून वॉर्डातल्या बशीत हिरवट मखमल उगवली होती. धडधाकट माणूस ती खोकून टाकतो. स्टेरॉइडने पोखरलेल्या छातीत ती घर करते. मग कितीही भारी अँटिबायोटिक द्या. चोर माडीवर आणि पहारा अंगणात.

पण हा संशयच. थुंकीचा अहवाल यायचा होता. बुरशीचं औषध मूत्रपिंडांना जड, आणि म्हाताऱ्याची मूत्रपिंडं आधीच कुरकुरत होती. अंदाज चुकला तर तोफखान्याला नन्नानेच मारलं असतं. ती जिना चढली, उतरली, पाणी प्यायला म्हणून गेली आणि न पिताच परत आली. ती दिसली की बोलणारी माणसं गप्प व्हायची.

मग डॉक्टरांच्या पत्नी तिच्या खोलीत आल्या. रडल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"तुमचं आणि ह्यांचं वैर सगळ्यांना माहीत आहे, ताई. पण त्याचा हिशोब आत्ता नका काढू."

त्या गेल्या, आणि नन्नाने कपाटातल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर सही केली. औषध लागू पडेल असं वाटलं म्हणून नव्हे. उद्या कुणी म्हणू नये, की हिने सूड उगवला.

बाटली ती स्वतःच घेऊन गेली. तोफखान्यांनी ती डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. हे मला लागणार आहे म्हणून आणलंस की तुला भीती वाटली म्हणून, असं त्यांनी विचारलं. ती चादरीची घडी सारखी करू लागली. मग खरं काय वाटतंय, त्यांनी पुन्हा विचारलं.

"बुरशी," ती म्हणाली. "पण खात्री नाही, सर. चुकले तर मूत्रपिंडं जातील."

"माझी आहेत ना? जाऊ देत गेली तर." त्यांनी बाटली तिच्या हातात परत कोंबली. "हे कपाटात ठेव. तुझं ते बुरशीचं आण."

तिने आणलं. पुढचे दिवस तिने नखं कुरतडत काढले. अहवाल आला: बुरशीच. मूत्रपिंडांनी थोडे नखरे केले, पण साथ सोडली नाही. ताप एकदाचा उतरला.

तोफखाना उशीला टेकून बसायला लागले, तेव्हा कुठे नन्नाने विचारलं. रोज दुसऱ्यांसाठी ज्याच्यावरून वॉर्ड डोक्यावर घ्यायचात, ते स्वतःसाठी आयतं हातात आलं तर परत का केलंत?

म्हातारा खोकला, हसला, पुन्हा खोकला.

"दारात पेशंटच्या घरची माणसं उभी असायची, पोरी. आपल्या माणसासाठी कुणीतरी भांडतंय, एवढं तरी त्यांना दिसायला हवं ना? तू नाहीच म्हणणार अशी खात्री नसती, तर मी कधी तोंडच उघडलं नसतं."