पहिल्या हाकेला

बाळंतपणानंतर बहिऱ्या झालेल्या राहीबाईच्या कानाचं मुंबईला ऑपरेशन झालं, त्याला सात वर्षं होत आली. आज महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कान अजून छान चालतोय. तिच्या नवऱ्याचा, हैबतीचा, जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीला दोघं आंबेनळी घाटाखालच्या घरी पोचली. राहीबाई हसून म्हणाली, “मला ठावं व्हतं. पल्याडच्या डोंगरावरची बाय रोज सांजंला मला हाक मारते. ती आयकू आली की समजते, कान शाबूत हाय.”

हैबती वहाणा काढता काढता थांबला. “पल्याड वस्तीच नाय गो. आन् तू ओ देतेस?”

“देते की. पयल्याच हाकेला.”

भुताला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणून सांजेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ऑपरेशनआधी एवढी वर्षं काहीच न ऐकलेल्या बाईला कुणी नावाने बोलावलं, की तीन हाकांपर्यंत दम निघत नसे.

“राहीऽऽ!”

या वेळी ती हाक हैबतीनेही ऐकली. ती मागच्या दारातून आली होती.

“आज किती साफ आली!” राहीबाईचा चेहरा उजळला, आणि हैबतीचा हात तिच्या तोंडावर पोचायच्या आत तिने ओ दिली होती.