नळ्यांचा माग

“काकू, काही सापडलं नाही. एकही नळी नाही!”

उंबरठ्यावरच तिने सांगून टाकलं. काकूंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर ड्रायव्हरकाकांचा फोटो होता. तिकडे बघायचं तिने टाळलं. गेले कित्येक महिने तोच चेहरा तिच्या पाठीस लागला होता.

ती संशोधक. कार्बनच्या नळ्या माणसाळवणं हे तिचं काम. केसाहून हजारो पटींनी बारीक, पण काजळीसारख्या हट्टी. पाण्यात मिसळत नाहीत, अंगात गेल्या तर सुयांसारख्या रुतून बसतात. तिने त्या आम्लात उकळल्या, आखूड केल्या, पाण्याशी जमवून घेईल असं अस्तर त्यांना चढवलं आणि वर कर्करोगाच्या गाठीचं औषध लादलं. उंदरांना मानवल्या. मग माणसाची पाळी आली, तेव्हा सगळ्यांत आधी पुढे झाले ते निवृत्त बसड्रायव्हर.

“एवढ्याशा नळीवर तुम्ही औषध बसवता,” ते हसून म्हणाले होते, “आमच्या अख्ख्या गाडीत माणसं बसत नव्हती!”

काकांची गाठ विरत गेली. सगळे खूश. काका मात्र तपासणीला येताना एक हात छातीवर दाबून येऊ लागले. अंग वाळत चाललं. आणि एका सकाळी दाढी करता करता हृदय बंद पडलं.

त्याच दिवशी तिने काकूंपुढे पदर पसरला होता. शवविच्छेदन करू द्या, म्हणून. काकूंनी सही केली होती.

तेव्हापासून काका तिला दिसत. सूक्ष्मदर्शकातून मान वर केली की दाराशी उभे. हात छातीवर. आपल्या नळ्यांनीच यांचा जीव घेतला, हे तिच्या मनाने घेतलं होतं. आज निकाल आला.

“फुप्फुस, यकृत, सगळं स्वच्छ आहे, काकू. पहिल्या आठवड्यातच नळ्या बाहेर पडल्या असणार. सुटले हो मी.”

काकूंनी फोटोकडे पाहिलं.

“कूस बदलायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “रुतेल, म्हणायचे. खोकला आला तर तोंड दाबून धरायचे. झोप गेली, अन्न गेलं. डॉक्टरांना सांगते म्हटलं, तर अंगावर यायचे. ‘ताईंचं काम बंद पाडशील!’”

“पण नळ्या आत राहिल्यात, असं त्यांना सांगितलं कुणी?”

“तुम्हीच, ताई.” काकूंच्या आवाजात राग नव्हता. “जिन्यात त्यांनी विचारलं होतं, सगळ्या निघून जातील ना? तुम्ही घाईत होता. म्हणालात, ‘छातीठोक नाही सांगता येणार.’”

तिला ते आठवतही नव्हतं.

“खरं तेच बोललात तुम्ही,” काकू म्हणाल्या. “नळ्या आठवड्यात निघून गेल्या. ते वाक्य तेवढं आत राहिलं.”