बापूंचा पहिला शब्द

डॉ. रेणुकाने बापू नलवड्यांच्या गळ्यावर बोटाएवढी पट्टी चिकटवली. कुस्तीची मैदानं आपल्या निवेदनाने गाजवणारे बापू कर्करोगात स्वरयंत्र काढल्यापासून दोन वर्षं मुके होते. बोलण्यासाठी दिलेलं, गळ्याला टेकवायचं घोंघावणारं यंत्र आणि बोटाने दाबायची झडप, दोन्ही त्यांनी परत केली होती. "परक्या आवाजात बोलण्यापेक्षा मुका बरा," असं पाटीवर लिहून दिलं होतं. ही पट्टी मात्र नसांमधला मेंदूचा हुकूम वाचून त्यांच्याच आवाजात बोलणार होती. तो आवाज ती घरच्यांनी आणलेल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकली होती.

"काहीही बोला, बापू," रेणुका म्हणाली.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षं तिला नुसतं 'अगं' म्हणून हाक मारली होती. त्यांनी ओठ हलवले.

"हौसाऽऽऽ!"

खिडकीची तावदानं थरथरली. शेजारच्या वॉर्डातले पेशंट दारात गोळा झाले. रेणुकाने कपाळावर हात मारला. घरच्यांनी आणलेली सगळी रेकॉर्डिंग मैदानातलीच होती!

"थांबा, पट्टीला हळू बोलायला शिकवते."

"हात लावू नका तिला," लाजेने लाल झालेल्या हौसाबाई म्हणाल्या. "अहो, पुन्हा म्हणा की!"