नांदगावचा ट्रक

रविवारी सकाळी नऊपासून बिल्डिंगच्या फाटकाशी तिघे जण नांदगावहून येणाऱ्या ट्रकची वाट बघत उभे होते. वर तिसऱ्या मजल्यावर सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. गॅलरीत जायची तिची हिंमत होत नव्हती. ट्रक येणारच नव्हता.

खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ती आणि कुंदन जेलरोडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा रिक्षातून दोन बॅगा, एक वळकटी, स्टोव्ह, कळशी आणि भांड्यांचं एक पोतं उतरलं. समोरच्या मंगलाबाई दारात आल्या. आत नजर फिरवून म्हणाल्या, "बाकीचं मागून येतंय वाटतं?"

सुवर्णा "हो" म्हणाली. मग कधी येतंय, तर रविवारी, माहेराहून, नांदगावहून. काय काय येतंय, तर कपाट, पलंग, शोकेस. एकेक शब्द आपोआप बाहेर पडत गेला.

"कपाट आहे? मग ऐका," मंगलाबाई म्हणाल्या. "आपला जिना अरुंद आहे. कपाट वळणावर अडकतं. ते दोरानं बांधून गॅलरीतून वर घ्यायचं. माणसं लागतील. ती मी बघते."

माणसं आली होती. मंगलाबाईंचे यजमान यादवराव कमरेला पट्टा आवळून आले होते. तळमजल्यावरच्या गोटीरामनं टेम्पोचा जाड दोर आणला होता. मखमलाबादहून मार्केटला भाजी न्यायचा आजचा फेरा त्यानं भावावर सोपवला होता. पहिल्या मजल्यावरचे मास्तर शिकवणी लवकर आटोपून उतरले होते.

साडेदहा वाजले.

"सुवर्णा," खालून मंगलाबाईंची हाक आली, "हे एसटीडी बूथवर फोन करायला चाललेत. माहेरचा नंबर द्या. ट्रक निघाला का विचारतील."

माहेरच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर तिला पाठ होता. तो दिला, की दुकानदार वडिलांना बोलावणार. वडील धावत येणार आणि विचारणार, कुठला ट्रक? लग्नात पोरीला साधं कपाट देता आलं नाही, ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाजवळ काढली नव्हती.

ती उठली आणि जिना उतरू लागली. शेवटच्या पायऱ्यांवर असतानाच कुंदनची सायकल फाटकातून आत आली. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता. रात्रपाळी आणि वर ओव्हरटाइम करून येत होता. भुवयांवर राखेचा थर होता.

"या," गोटीराम म्हणाला. "तुमच्याच ट्रकची वाट बघून राह्यलो. अजून पत्ता नाय."

"कुठला ट्रक?"

कुंदननं दोराकडे पाहिलं, यादवरावांच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग जिन्यातल्या सुवर्णाकडे. सायकल स्टँडला लावायला त्यानं फार वेळ घेतला.

"हां, तो," तो म्हणाला. "तो... मनमाडला बंद पडला असेल."

त्याला खोटं बोलता येत नसे. कान लाल झाले होते. थकलेला माणूस आपल्यासाठी शब्द शोधत उभा आहे, हे तिला बघवेना.

"ट्रक नाहीये," सुवर्णा म्हणाली. "सामानच नाहीये. मी खोटं सांगितलं."

मास्तर घड्याळाकडे बघत निघून गेले. यादवरावांनी पट्टा सोडला, त्याचा कर्रर्र आवाज सगळ्यांना ऐकू आला. गोटीरामनं दोर कोपरावर गुंडाळायला घेतला. सगळा गुंडाळून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि मग घरात गेला.

वर आल्यावर कुंदननं तोंड धुतलं. "मला तरी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला आणि वळकटी पसरून भिंतीकडे तोंड करून झोपला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुपारी मंगलाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "यांच्या मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. तरी उभे राहिले."

"चुकलं, काकू."

"चुकलंच." त्या आत येऊन फरशीवर बसल्या. थोडा वेळ स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कपाट सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी पाण्याला पिंप घे, झाकणाचं. मग बादली. कपड्यांना दोरी बांध, खिडकीला पडदा लाव, जुन्या साडीचासुद्धा चालतो. डबे विकत आणू नकोस, माझ्याकडे रिकामे पडलेत. आणि पाण्याला सगळे भरून गेल्यावर येतेस ना खाली? आठवडाभर बघतेय. तेव्हा नळाला करंगळीएवढी धार असते. उद्यापासून सहाला ये, सगळ्यांबरोबर."

"गोटीरामभाऊ असतील तिथं."

"असणारच. ते काय घर सोडून जाणारेत?"

दुसऱ्या दिवशी सहाला सुवर्णा कळशी घेऊन खाली उतरली. नळाशी सात-आठ जण होते. रांगेत तिच्या पुढे नेमका गोटीराम आला. त्याच्याजवळ दोन बादल्या आणि एक मोठा ड्रम होता. त्यानं मागे वळून तिच्या हातातल्या कळशीकडे पाहिलं, मग तिच्या मागं आणखी काही ठेवलंय का तेही पाहिलं.

"एका कळशीनं काय व्हायचं, वहिनी?"

तिची मान आपोआप खाली गेली. रांगेतल्या बायका वळून बघत होत्या. मास्तरांची बायकोही होती. सुवर्णानं मान वर केली.

"एकच आहे, भाऊ," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.